कमांड नॉट फाउंड

घरच्या लिनक्स सर्व्हरवर व्यवस्थापनाची कमांड दिली असता शेलकडून (कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रामकडून) मिळणारा नकार. बहुतेक वेळा प्रोग्राम डिस्कवर जागच्या जागी असतो. फक्त त्याची डिरेक्टरी ‘पाथ’ या शोधयादीत नसते.

डेबियन या लिनक्स-वितरणावर ही तक्रार विशेषतः २०१९ पासून वाढलेली दिसते. त्या वर्षीच्या दहाव्या आवृत्तीत रूट (सर्वाधिकारी व्यवस्थापक) होण्यासाठीची ‘सु’ ही कमांड शॅडो या प्रोग्रामसंचाऐवजी यूटिल-लिनक्स या संचातून घेतली गेली. जुनी ‘सु’ रूट होताना पाथही बदलून देई. नवी मात्र पुढे आडवी रेघ न दिल्यास साध्या वापरकर्त्याचाच पाथ ठेवते, आणि त्यात ‘एसबिन’ (व्यवस्थापनाच्या प्रोग्रामांची डिरेक्टरी) नसते. त्यामुळे पासवर्ड स्वीकारला जातो, प्रॉम्प्टवर रूटचा ‘#’ उमटतो, तरीही खात्यात बदल करणारी ‘यूजरमॉड’ सापडत नाही. तीच कमांड ‘/यूएसआर/एसबिन/यूजरमॉड’ अशी पूर्ण पत्त्यानिशी दिली की चालते. निदानाची ही सर्वांत भरवशाची खूण होय. अशा वेळी पाथ हाताने वाढवण्यापेक्षा ‘सु -’ वापरणे श्रेयस्कर. पूर्ण पत्त्यानेही नेटवर्क-जोडणीची ‘आयएफकॉन्फिग’ ही कमांड मिळाली नाही, तर ती खरोखरच नसते : ती ज्यात असते ते नेट-टूल्स हे पॅकेज नवव्या आवृत्तीपासून मूळ स्थापनेत येत नाही. तिचे काम ‘आयपी’ करते.

‘एसबिन’मधल्या ‘एस’विषयी मतभेद आहेत. एका मताने तो ‘सिस्टिम’चा, दुसऱ्या मताने ‘स्टॅटिक’चा. ही डिरेक्टरी साधारणपणे १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात, सन कंपनीच्या सनओएस ४ या युनिक्स-प्रणालीच्या सुमारास रूढ झाली असावी. सामायिक लायब्ररी (अनेक प्रोग्रामांनी मिळून वापरायचे कोड-संच) त्याच काळात आल्या आणि ‘/यूएसआर’ अनेकदा वेगळ्या डिस्कवर किंवा नेटवर्कवर असे. ते जोडले जाण्यापूर्वी यंत्र उभे करायला स्वयंपूर्ण, म्हणजे स्टॅटिक जोडणीचे प्रोग्राम लागत. ही गरज पाहता आरंभापुरते दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते. पुढे लिनक्सच्या फाइलरचना-मानकाने मात्र पहिला अर्थ पक्का केला : सामान्य वापरकर्ता जो प्रोग्राम कधीही थेट चालवेल, तो ‘बिन’मध्येच (सर्वांसाठीच्या प्रोग्रामांच्या डिरेक्टरीत) हवा. या कसोटीची अडचण घरच्या सर्व्हरवर लगेच जाणवते, कारण तिथे वापरकर्ता आणि व्यवस्थापक ही एकच व्यक्ती असते.

फेडोरा या दुसऱ्या लिनक्स-वितरणाने आवृत्ती ४२ मध्ये (२०२५) ‘बिन’ आणि ‘एसबिन’ एकत्र केल्या. डेबियन १२ ने (२०२३) ‘/एसबिन’ला ‘/यूएसआर/एसबिन’मध्ये विलीन करणे अनिवार्य केले, पण ‘बिन’ आणि ‘एसबिन’ यांच्यातील भिंत तिथे कायम आहे.