सेफ क्लस्टर मोडणं

सेफ (Ceph) म्हणजे बऱ्याच सर्व्हरच्या डिस्का एकत्र बांधून त्यावर डेटाच्या प्रती (डिफॉल्ट ३) पसरवून ठेवणारं ओपन सोर्स स्टोरेज, सेज वाइल यांच्या सांताक्रूझमधल्या पीएचडीतनं निघालेलं, आणि २०१४ नंतर बरीच वर्षं रेड हॅटच्या छत्राखाली वाढलेलं. असलं क्लस्टर (एकत्र जोडलेले सर्व्हर) मोडणं म्हणजे नुसतं बंद करणं नव्हे, तर प्रत्येक होस्टवरनं त्याचा मागमूस काढायचा आणि डिस्का दुसऱ्या कामाला मोकळ्या करायच्या. उभं कसं करायचं ते सगळे सांगतात, मोडायचं कसं ते फारसं कोण सांगत नाही.

२०२० च्या ऑक्टोपस व्हर्जनपासून सेफएडीएम नावाचं टूल आलं, सगळे डीमन (मागे सतत चालणारे प्रोग्राम) कंटेनरमध्ये चालवणारं, आणि खरी मेख तिथंच आहे. त्याचा ऑर्केस्ट्रेटर सतत बघत असतो की ठरल्याप्रमाणे सगळं चालू आहे का, नसेल तर परत उभं करतो. समजा कुपवाड एमआयडीसीतल्या एखाद्या कारखान्यात ३ सर्व्हर आहेत आणि सुरुवातीला कुणीतरी 'मिळेल ती मोकळी डिस्क घे' असा स्पेक (कायमची सूचना) देऊन ठेवलाय, तर तुम्ही डिस्क पुसली की ती मोकळी दिसते आणि थोड्या वेळात तिच्यावर नवीन ओएसडी (डिस्क सांभाळणारा डीमन) बसलेला असतो, परत पुसा, परत बसतो. घरमालकाला न सांगता घर पाडायला घेतल्यासारखं आहे हे. म्हणून आधी ऑर्केस्ट्रेटर पॉज करायचा किंवा मॅनेजर डीमनमधलं सेफएडीएम मॉड्यूलच डिसेबल करायचं.

पण त्याच्याही आधी क्लायंट, म्हणजे हे स्टोरेज वापरणारी मशीन, सोडवायची. सेफएफएस (सेफची फाइल सिस्टिम) माउंट किंवा आरबीडी (सेफची आभासी डिस्क) मॅप तसाच ठेवून मॉनिटर (क्लस्टरचा नकाशा सांभाळणारे डीमन) गेले की त्या मशीनवर साधं डीएफ (डिस्कची जागा दाखवणारी कमांड) मारलं तरी अडकून बसतं, प्रोसेस किल होत नाही, शेवटी रीबूट. एफएसटॅबमधली (बूट होताना काय माउंट करायचं त्या यादीतली) ओळ राहिली असेल तर रीबूटही रखडतो.

मग एफएसआयडी, म्हणजे क्लस्टरचा लांबलचक ओळख नंबर, लिहून घ्यायचा, कारण मॉनिटरचं बहुमत गेलं की सेफच्या कमांड उत्तर देत नाहीत (तरी होस्टवर सेफएडीएम एलएस केलं की तो दिसतो, घाबरायचं कारण नाही). त्यानंतर प्रत्येक होस्टवर जाऊन आरएम-क्लस्टर चालवायचं, फोर्स, झॅप-ओएसडीज (ओएसडीच्या डिस्का पुसणारा पर्याय) आणि एफएसआयडी देऊन. एका ठिकाणी चालवलं म्हणजे बाकीच्यांवर आपोआप होत नाही, आणि इथंच जास्त लोक फसतात. शेवटी एलएसबीएलके (डिस्कांची यादी दाखवणारी कमांड) मारून जुने एलव्हीएम ग्रुप (डिस्कांवर बांधलेले गट), आणि त्याशिवाय /var/lib मधलं सेफचं फोल्डर, कंटेनर इमेज आणि रूटच्या ऑथराइज्ड कीजमधली क्लस्टरची चावी उरलीय का ते डोळ्यांनी बघायचं. स्क्विड व्हर्जनपासून ब्लूस्टोरचं (ओएसडी डिस्कवर डेटा ठेवतो त्या पद्धतीचं) लेबल १, १०, १०० आणि १००० जीबीच्या जागीही असू शकतं, त्यामुळे डिस्कचं फक्त तोंड पुसून भागेलच असं नाही.

सांगलीत अजून एक भानगड, पूर. आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५, आणि २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलेलं, त्यामुळे तळमजल्यावरचे सर्व्हर वर हलवायची वेळ येतेच. तेव्हा क्लस्टर मोडायचं नसतं! क्लायंट थांबवायचे, नोआउट फ्लॅग लावायचा, ओएसडीवाले होस्ट बंद करायचे, मॉनिटर सगळ्यात शेवटी, आणि चालू करताना मॉनिटर आधी. नोआउट लावलं नाही तर बंद पडलेला ओएसडी डिफॉल्टनं १० मिनिटांनी आउट धरला जातो आणि उरलेल्या डिस्कांवर डेटाची हलवाहलव सुरू होते, नेमकी घाईच्या वेळी.

झॅप केलं म्हणजे डेटा पुसला असं समजू नये, जातो तो मुख्यतः मेटाडेटा. मिरजेसारख्या दवाखान्यांच्या गावात एमआरआय-सीटीच्या फायली असलेली डिस्क भंगारात द्यायची तर हार्ड डिस्क पूर्ण ओव्हरराइट करावी, एनव्हीएमईला (वेगवान एसएसडी) सिक्युअर इरेज द्यावं. ओएसडी पहिल्यापासून एन्क्रिप्ट केलेले असतील तर काम हलकं, चाव्या मॉनिटरकडे असतात, त्या आणि डिस्कवरचं लक्स हेडर (एन्क्रिप्शनची माहिती असलेला भाग) गेलं की उरलेला डेटा वाचता येत नाही, फक्त मॉनिटरचा बॅकअप कुठं पडलेला नसावा.