माशांसाठी माश्या

आमच्या घरी "माश्या मारत बसलायस का?" असं मला कुणी विचारत नाही. मी माश्या मारत नाही, बांधतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. जेवणाच्या टेबलाच्या कडेला एक छोटा वाइस (पकडून ठेवणारा शिकंजा) आवळलेला असतो, त्याच्या जबड्यात सेंटिमीटरभर लांबीचा गळ. शेजारी चिकनवाल्याकडून मागून आणलेली गावठी कोंबड्याची मान, म्हणजे मानेची पिसांसकट कातडी, मीठ चोळून वाळवलेली. आईला ती टेबलावर चालत नाही. तिचं बरोबरच आहे.

नेहमीच्या गळाला काहीतरी खाण्यासारखं असतं. गांडूळ, कोळंबी, कणकेचा गोळा. फ्लाय फिशिंगमध्ये, म्हणजे बनावट माशी वापरून केलेल्या मासेमारीत, गळाला असतो दोरा, पीस आणि थोडी लव. खाण्यालायक त्यात काहीही नाही. वजनही नाही, त्यामुळे ही माशी फेकता येत नाही. म्हणून दोरीच जाड आणि जड घेतात, काठीच्या झटक्याने ती दोरी हवेत उलगडत जाते आणि तिच्या टोकाला तलम तंगूसावर बांधलेली माशी मागोमाग जाऊन पाण्यावर टेकते. हा प्रकार फार जुना आहे. इसवी सन 200 च्या आसपास ईलियन नावाच्या रोमन लेखकाने मॅसिडोनियातल्या कोळ्यांबद्दल लिहून ठेवलंय: ते गळाला लाल लोकर गुंडाळतात आणि कोंबड्याच्या गळ्याखालची मेणाच्या रंगाची दोन पिसं लावतात. अठराशे वर्षं झाली, कोंबडा काही सुटला नाही.

बांधायची रीत सांगतो. आधी गळाच्या दांड्यावर दोऱ्याचे वेढे घालायचे, नाहीतर पुढचं सगळं घसरतं. मग शेपटीसाठी चार-सहा ताठ केस. मग अंग. इथे ज्यांच्या घरी आजी वाती वळायची त्यांना फायदा आहे. मेण लावलेल्या दोऱ्यावर सशाची लव चिमटीत धरून एकाच दिशेने वळायची, की दोऱ्याची केसाळ वात होते. ती दांड्यावर गुंडाळली की किड्याचं पोट तयार. लव नेहमी वाटते त्याच्या निम्मीच घ्यायची. मी सुरुवातीला बांधलेल्या माश्या पाण्यात भिजलेल्या उंदरासारख्या दिसायच्या.

खरं कसब पुढे आहे. मानेचं एक निमुळतं पीस घ्यायचं, त्याचा कणा गळावर उभा गुंडाळायचा. प्रत्येक वेढ्याबरोबर पिसाचे तंतू चहूबाजूंनी ताठ उभे राहतात, छत्रीच्या काड्यांसारखे. याला हॅकल म्हणतात. कोंबडीचं पीस इथे चालत नाही. ते मऊ असतं, पाणी पितं, बुडणाऱ्या माशीला ठीक. तरंगणाऱ्या माशीला कोंबडाच हवा. शेवटी डोक्याशी दोऱ्याचे वेढे त्याच्याच टोकावरून घालून ते टोक आत ओढून घ्यायचं. क्रिकेट बॅटच्या मुठीला दोरा गुंडाळल्यावर शेवट जसा लपवतात तसंच. गाठ दिसत नाही आणि सुटतही नाही.

आता हे सगळं कुणासाठी? टेबलावर माशी ठेवली की पाहुणे वरून बघतात आणि "अगदी खरी वाटते" म्हणतात. मासा खालून बघतो, आणि खालून जग भलतंच दिसतं.

प्रकाश हवेतून पाण्यात शिरताना वाकतो. त्यामुळे माशाला डोक्यावर एक गोल खिडकी दिसते. एका क्षितिजापासून दुसऱ्या क्षितिजापर्यंतचं अख्खं आभाळ त्या खिडकीत दाबून बसवलेलं असतं, साधारण 97 अंशांच्या कोनात. खिडकीच्या बाहेर पाण्याचा पृष्ठभाग आरसा होतो, त्यात नदीचा तळ उलटा दिसतो. मासा एक फूट खोल असेल तर खिडकीची रुंदी सव्वादोन फूट. वर आला की ती आकसते, खोल गेला की मोठी होते.

एखादा किडा पाण्यावर तरंगत माशाकडे येतोय असं समजा. तो अजून आरशाच्या भागात आहे, म्हणजे त्याचं अंग माशाला दिसतच नाही. दिसतात फक्त त्याच्या पायांनी पाण्याच्या ताणलेल्या त्वचेवर पाडलेले खळगे, चमचमणाऱ्या ठिपक्यांसारखे. किडा आणखी जवळ आला की खिडकीच्या कडेवर त्याच्या पंखांची टोकं उगवतात, खालच्या अंगापासून तुटल्यासारखी. मग पंख आणि अंग जुळतात आणि पूर्ण किडा खिडकीत येतो, मागे लख्ख आभाळ असल्याने बराचसा काळपट. हॅकल ताठ का हवं ते इथे कळतं. त्या तंतूंची टोकं पाण्यावर तेच खळगे पाडतात आणि माशी वर धरून ठेवतात. आपण ज्याला पिसांची झालर म्हणून कौतुकाने बघतो, ते माशाच्या लेखी सहा पाय आहेत. मी डोळे, पंखांवरच्या शिरा वगैरे रंगवत बसलेल्या माश्या आजही डबीत पडून आहेत. ओबडधोबड, तीन मिनिटांत उरकलेल्यांनीच मासे दिले.

नक्कल जिची करायची ती बहुतेकदा मेफ्लाय. हा किडा आयुष्याचा जवळजवळ सगळा काळ नदीच्या तळाशी दगडाखाली किंवा गाळात काढतो, काही जाती तर दोन वर्षं. मग एके दिवशी वर येतो, कात टाकतो, पंख फुटतात. इतर कीटक पंख आले की पुन्हा कात टाकत नाहीत. मेफ्लाय टाकतो. आधी मळकट पंखांचा, मग काही तासांनी चकचकीत. या अवस्थेत त्याचं तोंड खाण्याच्या कामाचं नसतं. जोडीदार शोधायचा, अंडी घालायची आणि संपायचं, बहुधा एक-दोन दिवसांत. त्यामुळे एकाच किड्याच्या तीन-चार वेगळ्या माश्या बांधाव्या लागतात, आणि मासा त्या क्षणी कुठली अवस्था खातोय ते ओळखणं हा अर्धा खेळ आहे.

इंग्लंडमध्ये यावरून मोठी भांडणं झाली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रेडरिक हॅलफर्डच्या पंथाने ठरवून टाकलं की तरंगणारी माशी, तीही दिसलेल्या माशालाच टाकणं, हेच सभ्य. जी. ई. एम. स्क्यूज नावाच्या वकिलाने बुडत्या अळीची नक्कल वापरली. मासे बहुतेक वेळ पाण्याखालीच खातात, तेव्हा निरीक्षण त्याचं खरं होतं. तरी 1938 मध्ये लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबात यावर रीतसर वादसभा भरली. याला ते नीतिशास्त्र समजत. मला ते सोवळं-ओवळं वाटतं. माशाला गळ लागायचा तो लागतोच, तरंगता असो की बुडता.

नीतीचा खरा प्रश्न पिसांत होता, आणि तिथे हे सभ्य लोक बराच काळ गप्प होते.

सामन मासा समुद्रातून नदीत अंडी घालायला येतो तेव्हा तो खाणं जवळपास सोडतो. त्यामुळे सामनसाठीच्या माशीला नक्कल करायला किडाच नाही. मोकळं रान मिळालं. व्हिक्टोरियन काळात लंडनच्या बंदरात बायकांच्या टोप्यांसाठी जगभरची पिसं उतरत होती, ती या माश्यांवर चढली. जॉक स्कॉट नावाच्या प्रसिद्ध माशीत सोनेरी फेझंट, टूकन, शहामृग अशी निम्मी प्राणिशाळा असते. या मंडळींच्या भाषेत 'इंडियन क्रो' नावाचं एक तांबडं-केशरी पीस आहे. तो पक्षी दक्षिण अमेरिकेतला. ना इंडियन, ना कावळा.

जॉक स्कॉटच्या डोक्याशी दोन्ही बाजूंना एकेक पीस बसवतात ते मात्र खरोखर आपल्याकडचं. सह्याद्रीतला राखाडी रानकोंबडा. महाबळेश्वरच्या रस्त्यावर पहाटे ज्याची तुटक बांग ऐकू येते, तोच. त्याच्या मानेच्या काळ्या पिसांच्या टोकाला तंतू एकमेकांत मिसळून खवल्यासारखी चकचकीत चकती तयार होते, लाखेचा पिवळा-पांढरा थेंब सांडल्यासारखी. माशीवर ती डोळ्यासारखी दिसते. आपल्या पाळीव कोंबड्या मुख्यतः लाल रानकोंबड्यापासून आल्या, पण त्यांच्या पायांचा आणि कातडीचा पिवळेपणा या राखाडी भावाकडून आला, असं 2008 मध्ये जनुकांच्या अभ्यासात दिसलं. माझ्या टेबलावरच्या गावठी मानेत त्याचा एवढा वाटा असू शकतो.

रानपक्ष्यांच्या पिसांची निर्यात ब्रिटिश हिंदुस्थानात 1902 मध्येच बंद केली होती. 1972 च्या वन्यजीव कायद्याने रानकोंबड्याला संरक्षण दिलं. युरोपातले बांधणारे आता तिथेच पाळलेल्या रानकोंबड्यांची पिसं वापरतात. पण दुर्मीळ पिसांची हाव काही जात नाही. जून 2009 मध्ये इंग्लंडमधल्या ट्रिंगच्या संग्रहालयातून 299 पक्ष्यांची जतन केलेली कातडी चोरीला गेली. चोर होता माश्या बांधण्यात नावाजलेला एक तरुण संगीतविद्यार्थी. चोरलेल्या पक्ष्यांत निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड वॉलेसने मलाय द्वीपसमूहातून गोळा केलेलेही होते, म्हणजे ज्या नमुन्यांवर उत्क्रांतीचा विचार उभा राहिला त्यांतले. बऱ्याच नमुन्यांच्या पायाच्या चिठ्ठ्या काढून टाकलेल्या सापडल्या. कुठला पक्षी, कुठल्या बेटावरचा, कुठल्या तारखेचा, ही माहिती गेली की अभ्यासकाच्या दृष्टीने उरतं ते फक्त पीस. वाईट याचं वाटतं की यातल्या बऱ्याच माश्या पाण्याला लागतही नाहीत. काचेच्या चौकटीत भिंतीवर जातात. माशासाठी बांधलेली माशी माणसाच्या डोळ्यासाठी होऊन बसली. रंगवलेल्या कोंबडीच्या पिसालाही सामन तितकाच लागतो.

(उलटा प्रकारही झालाय. 2011 मध्ये अमेरिकेत केसांत लांब पिसं माळायची फॅशन आली आणि खास हॅकलसाठी पैदास केलेल्या कोंबड्यांची पिसं सलूनवाल्यांनी उचलली. बांधणाऱ्यांना कोंबडा मिळेना.)

आता माशाकडे येऊ. "आम्ही पकडून सोडून देतो" हे आमच्या बाजूचं ठरलेलं उत्तर. सोडलेला मासा पोहत जातो हे खरं. पुढे काय होतं?

1992 मध्ये कॅनडात प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मी नवशिक्यांना नेहमी सांगतो. रेनबो ट्राउट जातीच्या माशांना दमेपर्यंत पळवलं. नुसत्या दमलेल्यांपैकी 12 टक्के मेले. दमवून वर 30 सेकंद हवेत धरलेल्यांपैकी 38 टक्के. 60 सेकंद धरलेल्यांपैकी 72 टक्के. प्रयोगशाळेतले आकडे नदीत जसेच्या तसे लागू होत नाहीत, पण दिशा स्पष्ट आहे. पाण्याबाहेर माशाच्या कल्ल्यांच्या पाकळ्या एकमेकींना चिकटतात, ऑक्सिजन घेणारा पृष्ठभागच मिटतो. म्हणजे घातक असतो तो फोटो. "थांब थांब, अजून एक" हे वाक्य. पाणी तापलेलं असेल तर आणखी वाईट: 10 अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 11 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 20 अंशांना 9. ट्राउटसाठी 20 च्या पुढे काठी गुंडाळून ठेवावी.

वेदनेचा प्रश्न अवघड आहे. 2003 मध्ये लिन स्नेडन आणि सहकाऱ्यांनी ट्राउटच्या ओठात मधमाशीचं विष आणि ॲसेटिक ॲसिड टोचून पाहिलं. मासे डोलू लागले, ॲसिडवाल्यांनी ओठ तळाच्या खडीवर घासले, आणि नेहमीच्या दुप्पट वेळ खायला आले नाहीत. डोक्यावर इजा ओळखणारे मज्जातंतूही सापडले. माशाला आपल्यासारखा मेंदूचा बाह्यस्तर नाही, म्हणून याला वेदना म्हणता येणार नाही, असं दुसरी बाजू म्हणते. मी त्या ओठ घासण्याच्या बाजूला झुकतो. तरी मासेमारी करतो. दोन्ही खरं आहे. स्वित्झर्लंडच्या कायद्याने तर आमचं उत्तरच उलटवलंय: सोडून द्यायच्याच हेतूने मासा पकडणं तिथे मना आहे. पकडायचा तर खाण्यासाठी. मौजेसाठी त्रास नको.

माझ्यापुरतं मी पक्कड घेऊन गळाच्या टोकामागचा उलटा काटा दाबून सपाट करतो. माशी बांधण्याआधी, नंतर नाही, कारण दाबताना गळ कधी कधी मोडतो आणि बांधलेली माशी वाया जाते. हिमाचलातल्या तीर्थन खोऱ्यात ब्राउन ट्राउटला अशाच गळाने हात न लावता सोडता येतं. काटा नसलेला गळ चिमट्याने उलटा ढकलला की निघतो. ट्राउटही तिथला नव्हे म्हणा, हिमालयात तो साहेबांनीच आणला.

आपल्याकडचा मासा महसीर. दख्खनच्या महसीरचं शास्त्रीय नाव टोर खुद्री. 1839 मध्ये कर्नल साइक्सने त्याचं वर्णन केलं ते पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशांवरून. पुढे लोणावळ्याच्या हॅचरीत त्याची पैदास यशस्वी झाली आणि 1970 च्या दशकापासून पिल्लं कावेरीतही गेली. हेतू चांगला होता: नदीत महसीर कमी झालाय, भर घालू. कावेरीत आधीपासून तिचा स्वतःचा एक महसीर होता, उंच पाठीचा, केशरी शेपटीचा. 1946 मध्ये 120 पौंडांचा, म्हणजे 54 किलोंचा एक मासा गळाला लागला होता. गळकऱ्यांमध्ये त्याचं नाव जगभर, पण शास्त्रीय ओळख पटली ती थेट 2018 मध्ये. टोर रेमादेवी. त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त यादीत गेला.

तो कमी होतोय हे कळलं कसं? कावेरीच्या काठच्या एका छावणीत 1998 ते 2012 पकडून सोडलेल्या माशांच्या नोंदी होत्या. तिथे माशी नव्हे, नाचणीचा गोळा वापरत, पण वही नेमाने लिहीत. अभ्यासकांनी ती वही चाळली तेव्हा दिसलं की निळ्या पराचा, म्हणजे बाहेरून आलेला दख्खनचा महसीर, वर्षागणिक वाढतोय, आणि उंच पाठीच्याची लहान पिल्लं गळाला लागायचीच बंद झालीत. लागतात ते म्हातारे. 2012 मध्ये अभयारण्यातली ही गळ-मासेमारी थांबली, कायद्याच्या नजरेत ती शिकार ठरली म्हणून. त्या दिवसापासून वहीत नोंद नाही.