कुत्र्याचे दंतारोग्य

कुत्र्याचे दात, हिरड्या व दातांना जबड्यात धरून ठेवणारी ऊतके यांची निरोगी स्थिती आणि ती टिकविण्याचे उपाय. पिल्लाचे २८ दुधाचे दात पडून साधारणपणे ६–७ महिन्यांच्या वयापर्यंत ४२ कायमचे दात येतात.

कुत्र्याचे दात किडण्याचे प्रमाण अल्प असते. त्याची लाळ माणसाच्या लाळेपेक्षा अधिक अल्कधर्मी असल्याने आम्लामुळे होणारी झीज कमी होते. मात्र त्याच गुणामुळे दातांवरील जिवाणूंच्या चिकट थरात कॅल्शियमचे क्षार लवकर साचून पिवळट-तपकिरी कीटण बनते. थर हिरडीच्या कडेखाली शिरला की हिरडी सुजून लाल होते. ही अवस्था स्वच्छतेने पूर्ववत होते. पुढे दात धरून ठेवणारे बंध व हाड झिजू लागल्यावर (परिदंत रोग) गेलेला आधार सहसा परत मिळत नाही. वरच्या जबड्यातील चौथ्या, तीन मुळांच्या उपदाढेशी पू झाल्यास डोळ्याखाली सूज येते व ती डोळ्याचाच विकार समजली जाण्याचा संभव असतो.

रोगाच्या कारणाविषयी मतभेद आहेत. एक मत मऊ अन्नाला दोष देते व हाडे चघळण्यास द्यावीत असे सुचविते. चघळण्याने कीटण कमी होते हे खरे. परंतु यान लिंडे, हॅरल्ड लो प्रभृती दंतसंशोधकांनी बीगल कुत्र्यांवर चार वर्षे केलेल्या व १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नियमित दात घासलेल्या कुत्र्यांच्या हिरड्या निरोगी राहिल्या, तर न घासलेल्यांत परिदंत रोग उद्भवला. त्यामुळे थर दात घासून काढण्यालाच महत्त्व देणारे मत अधिक ग्राह्य वाटते. शिवाय कठीण हाडाने दाढेचा टवका उडण्याची भीती असते.

मराठवाड्यात लातूर जिल्ह्यातील जानवळ परिसर कारवानी (पश्मी) कुत्र्यांसाठी प्रसिद्ध आहे. या जातीचे पूर्वज मध्य व पश्चिम आशियातून काफिल्यांबरोबर दख्खनमध्ये आले असावेत, असे सामान्यतः मानले जाते. लांब जबड्यामुळे तिच्या दातांची दाटी होत नाही. तथापि तेवढ्याने ती सुरक्षित ठरत नाही, कारण ग्रेहाउंड या तशाच बांध्याच्या जातीत परिदंत रोग बराच आढळतो. ज्वारीची भाकरी दूध-ताकात कुस्करून दिली काय किंवा कोरडी दिली काय, हिरडीच्या कडेचा थर तिने निघत नाही.

दात रोज, निदान एक दिवसाआड, मऊ ब्रशने किंवा बोटाला गुंडाळलेल्या ओल्या फडक्याने, विशेषतः गालाकडील बाजूने, घासावेत. पिल्लाला लहानपणीच तोंडाला हात लावू देण्याची सवय लावल्यास हे सुकर होते. माणसांची पेस्ट वापरू नये, कारण कुत्रा ती गिळतो आणि तीत झायलिटॉल (साखरेऐवजी वापरला जाणारा गोड पदार्थ) असल्यास विषबाधा होते. साचलेले कीटण घरी खरवडू नये. हिरडीखालची सफाई भूल देऊनच करावी लागते. परभणी व उदगीर येथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. तोंडाला सततची दुर्गंधी, एकाच बाजूने चावणे किंवा लाळेत रक्त दिसल्यास पशुवैद्यकाकडून तपासणी लवकर करून घ्यावी.