पात्र लक्षात कुणी ठेवायचं? अंतराळ मालिकांमागची जुनी गोष्ट

स्पॉक हसतो. 'स्टार ट्रेक'चा अगदी पहिला पायलट म्हणजे नमुन्याचा भाग, 'द केज', १९६४ च्या शेवटी शूट झालेला, त्यात परग्रहावर निळी पानं थरथरत असतात, त्यातून आवाज येत असतो, स्पॉक एक पान चिमटीत धरतो, आवाज थांबतो आणि हा गडी तोंडभर हसतो. ज्याने नंतरचा स्पॉक आधी बघितलाय तो इथे दचकतोच. पण यात चूक कुणाचीच नव्हती, कारण तेव्हा थंड डोक्याचं, भावना बाजूला ठेवणारं पात्र स्पॉक नव्हतंच, ते होतं 'नंबर वन' नावाची बाई, मेजेल बॅरेटने केलेली. एनबीसी वाहिनीने तो पायलट नाकारला, नंबर वन गेली आणि तिचा थंडपणा स्पॉकला मिळाला. दुसऱ्या पायलटमध्येही तो अजून चढ्या आवाजात ओरडतोय, म्हणजे पात्र घडतंय अजून. मग १९६६ मध्ये 'द मेनॅजरी' नावाच्या दोन भागांत जुन्या पायलटचं फुटेज तेरा वर्षांपूर्वीची घटना म्हणून वापरलं गेलं आणि ते हसू कायमचं मालिकेच्या इतिहासात जाऊन बसलं.

ही गोष्ट आधी सांगितली कारण 'अमुक पात्र असं वागूच शकत नाही' असं आपण ज्या हक्काने म्हणतो ना, तो हक्क बराच उशिरा आलाय. साठच्या दशकात अमेरिकन टीव्हीवर बऱ्याच स्क्रिप्ट बाहेरच्या लेखकांकडून घेतल्या जायच्या, सुरुवातीच्या लेखकांनी तर मालिकेचा एकही भाग टीव्हीवर बघितलेला नसायचा, हातात फक्त लेखकांसाठी केलेली माहितीपुस्तिका, ज्याला तिकडे बायबल म्हणतात, आणि वर पुनःप्रक्षेपणात स्थानिक स्टेशनं भाग कुठल्याही क्रमाने लावायची, त्यामुळे भाग संपताना सगळं पुन्हा जागच्या जागी आलेलं परवडायचं. मग सात-आठ जणांच्या ताफ्यात कोण कसा आहे हे लक्षात कोण ठेवणार? माझ्या मते या विषयाचा सगळा इतिहास याच प्रश्नाचा आहे. आठवण कुणाकडे?

सुरुवातीला ती नटाकडे होती. 'द एनिमी विदिन'च्या स्क्रिप्टमध्ये स्पॉकने कॅप्टन कर्कच्या दुष्ट प्रतिरूपाच्या डोक्यात पिस्तुलाचा दस्ता हाणायचा होता. स्पॉक करणारा लिओनार्ड निमॉय म्हणाला की व्हल्कन, म्हणजे स्पॉकच्या परग्रही जमातीतला, माणूस असं करणार नाही, आणि मानेजवळ बोटांनी दाबून बेशुद्ध करायची ती प्रसिद्ध चिमटी त्याने तिथे सुचवली. म्हणजे पात्राचं सगळ्यात ओळखीचं वैशिष्ट्य 'हा असं वागणार नाही' या हट्टातून आलंय, किती मोठी गोष्ट आहे ही! मग ही जबाबदारी स्टोरी एडिटरकडे सरकली, लेखिका डी. सी. फोंटाना हे नाव इथे घ्यायलाच हवं. १९६७ चा 'द सिटी ऑन द एज ऑफ फॉरेव्हर' बघा. कर्क जिच्या प्रेमात आहे त्या एडिथला इतिहास वाचवायचा तर मरू द्यावं लागणार असतं. हार्लन एलिसनच्या मूळ स्क्रिप्टमध्ये शेवटच्या क्षणी कर्क गोठतो आणि स्पॉक पुढे होतो, तर प्रसारित भागात कर्क स्वतः तिला वाचवायला निघालेल्या डॉक्टर मॅककॉयला धरून ठेवतो आणि एडिथ डोळ्यांदेखत मरते. त्या स्क्रिप्टवर अनेकांचे हात फिरले, त्यात फोंटानाचा मोठा वाटा. एलिसनला ते कधीच पटलं नाही. एक स्वतंत्र कथा म्हणून त्याचं जास्त खरं असेलही, पण कर्क म्हणून प्रसारित झालेलंच बरोबर आहे असं मला मनापासून वाटतं, तो माणूस निर्णय दुसऱ्यावर टाकत नाही.

तिकडे ब्रिटनमध्ये बीबीसीच्या 'ब्लेक्स सेव्हन'ने (१९७८ ते १९८१, ५२ भाग) वेगळाच प्रकार केला. पहिले तेराही भाग एकट्या टेरी नेशनचे, स्क्रिप्ट एडिटर ख्रिस बाउचर, आणि ताफा असा की कुणाचा कुणावर भरवसा नाही. दुसऱ्या सीझननंतर ज्याचं नाव मालिकेला आहे तो ब्लेकच गेला आणि तरी मालिका उभी राहिली ती ताफ्यातल्या एव्हॉनमुळे, कारण तो पहिल्यापासून जसा संशयी होता तसाच शेवटच्या भागापर्यंत राहतो आणि त्या संशयाची किंमत शेवटी सगळे मोजतात.

१९८७ ला 'स्टार ट्रेक'चीच नवी मालिका 'नेक्स्ट जनरेशन' आली तेव्हा मूळ निर्माता जीन रॉडनबेरीचा नियम होता की क्रूमध्ये आपसात भांडणं नकोत. माणसं चांगली हवीत हा विचार सुंदर आहे, पण लेखकांची पंचाईत व्हायची, पात्रं एकमेकांपासून वेगळी ओळखायची कशी? पहिल्या दोन सीझनमध्ये लेखकही सारखे बदलत होते. १९८८ च्या 'डेटालोर'मध्ये सांगितलं की डेटा या यंत्रमानवाला इंग्रजीतली बोलण्यातली आखूड रूपं वापरता येत नाहीत, त्याचा दुष्ट भाऊ लोर मात्र वापरतो, म्हणजे दोघं ओळखायची खूण हीच. आता आधीच्या भागांत डेटाने ती सर्रास वापरली होती आणि त्याच भागाच्या शेवटी बरा आहेस का विचारल्यावर तो 'आय'म फाइन' म्हणून मोकळा होतो. तिसऱ्या सीझनला लेखकांचा प्रमुख म्हणून मायकेल पिलर आला, बाहेरच्या नवख्या लोकांच्या स्क्रिप्ट वाचायची सोय केली, त्यातूनच रोनाल्ड मूर मिळाला, आणि हळूहळू पात्रांना काल काय झालं ते आठवायला लागलं. १९९२ च्या 'द इनर लाइट'मध्ये कॅप्टन पिकार्ड अर्ध्या तासात एका मेलेल्या ग्रहावरचं अख्खं आयुष्य जगतो, बायको, मुलं, म्हातारपण, आणि जाग आल्यावर हातात उरते ती एक बासरी. पुढच्या सीझनमधल्या 'लेसन्स'मध्ये ती बासरी परत येते, तो ती एका सहकारी बाईसोबत वाजवतो आणि कुठून मिळाली ते सांगतो. बाकी दीडशेच्या वर भागांत ते आयुष्य जवळजवळ नाहीच, पण त्या एका बासरीने पिकार्ड माणूस म्हणून जेवढा खरा होतो तेवढा दहा भाषणांनी झाला नसता.

मग 'बॅबिलॉन फाइव्ह', आणि इथे आठवण एकाच माणसाच्या डोक्यात. जे. मायकेल स्ट्राझिन्स्कीने पाच सीझनची गोष्ट आधी ठरवली आणि ११० पैकी ९२ भाग स्वतः लिहिले. १९९४ च्या पहिल्याच नियमित भागात राजदूत लोंडो सांगतो की मी स्वप्नात माझं मरण पाहिलंय, वीस वर्षांनी मी आणि शत्रू ग्रहाचा राजदूत जकार एकमेकांचे गळे धरून मरू. ऐकताना वाटतं दोन शत्रू आहेत, दुसरं काय होणार. १९९६ मध्ये तो प्रसंग खरंच दाखवला तेव्हा कळतं की लोंडो स्वतः जकारकडे मरण मागतोय, त्याच्या शरीरावर दुसऱ्याचा ताबा आहे आणि समोरचा आता त्याचा मित्र आहे. दोघं आरपार बदललेत पण कुठेही तुटले नाहीत, लोंडोची प्रत्येक पायरी त्याच्याच हावेतून आणि लाजेतून आलीय. ठरवलेल्या गोष्टीलाही धक्के बसलेच म्हणा, मुख्य नट मायकेल ओ'हेअर पहिल्या सीझननंतर आजारपणामुळे मालिका सोडून गेला, पण नट गेला तर काय करायचं याची वाट स्ट्राझिन्स्कीने जवळपास प्रत्येक पात्रासाठी काढून ठेवली होती.

त्याच सुमाराच्या, 'स्टार ट्रेक'च्याच 'डीप स्पेस नाइन'मध्ये दोन्ही पद्धती शेजारी शेजारी दिसतात. १९९६ च्या 'हार्ड टाइम'मध्ये इंजिनियर ओ'ब्रायनच्या डोक्यात वीस वर्षांच्या तुरुंगाची आठवण घालतात, तो स्वतःवर पिस्तूल रोखण्यापर्यंत जातो, आणि पुढच्या भागांत ते जवळपास पुसलेलं. मला हे आजही खुपतं. उलट १९९८ मध्ये लढाईत तरुण अधिकारी नॉगचा पाय जातो तेव्हा दोनच भागांनी अख्खा भाग त्याच्या भीतीला दिलाय, आणि नॉग तर मुख्य कलाकारांतलाही नाही! १९९७ ला कळतं की डॉक्टर बशीर काही आठवडे कैदेत होता आणि त्याच्या जागी बहुरूपी शत्रू वावरत होता. बशीर करणाऱ्या अलेक्झांडर सिद्दिगला हे आधी सांगितलंच नव्हतं, म्हणजे आपण मागे जाऊन कॅप्टन सिस्कोच्या मेंदूवर ऑपरेशन करणारा बशीर कितीही निरखून बघितला तरी नट तिथे खरा बशीरच करतोय.

'स्टार ट्रेक'च्याच 'व्हॉयेजर'चं थोडक्यात सांगायचं तर कॅप्टन जेनवे कधी नियमासाठी जहाज पणाला लावते, कधी तोच नियम सहज मोडते, आणि यामागे तिच्या मनात काय चाललंय ते मालिका क्वचितच विचारते, केट मलग्रूच्या आवाजातल्या ठामपणावर सगळं तरून जातं.

शेवटी 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका', रोनाल्ड मूरच्याच हातची, जिथे आठवण लेखकांच्या खोलीकडे, म्हणजे एकत्र बसून लिहिणाऱ्या गटाकडे गेली आणि ती खोली पुढे जाता जाता ठरवत होती. २००७ मध्ये तिसऱ्या सीझनच्या शेवटी चौघं जण सायलॉन, म्हणजे माणसासारखे दिसणारे यंत्रमानव शत्रू, निघतात, त्यात चीफ टायरॉल. पण टायरॉलला बायको कॅलीपासून मुलगा होता आणि गोष्टीत माणूस-सायलॉन मिश्र मूल म्हणून फक्त हेरा नावाची मुलगीच असायला हवी होती. मग २००९ मध्ये सांगितलं की तो मुलगा टायरॉलचा नव्हताच, दुसऱ्याच कुणाचा, एका वैमानिकाचा. तोवर कॅली मेलेली, तिला बाजू मांडायची सोयच नाही, एका ओळीत तिच्या लग्नाचा अर्थच बदलला. कथानकाची गाठ सोडवायला पात्राला विकलं असं मला वाटतं आणि ते मी कधी माफ केलेलं नाही.

आणि त्याच चौघांत टाय आहे. निर्णय तोच, तितकाच उशिरा घेतलेला. पण टाय पहिल्या भागापासून दारुडा, हट्टी आणि जहाजाचा कमांडर ॲडामाशी टोकाचा इमानी. आपण सायलॉन आहोत हे कळल्यावर थोड्याच वेळात भोंगा वाजतो, आणि त्याच्या उरलेल्या एका डोळ्यात भीती मावत नसताना मायकेल होगनचा टाय सरळ कंट्रोल रूममध्ये जाऊन ॲडामाच्या शेजारी आपल्या नेहमीच्या जागी उभा राहतो.