मग केक, फळांचा

पिण्याच्या मगमध्येच पीठ कालवून मायक्रोवेव्ह भट्टीत दीड-दोन मिनिटांत तयार होणारा, एका माणसापुरता केक. तो 'भाजला' असे सर्रास म्हटले जात असले, तरी तो शब्द नेमका नाही. हा केक मुख्यतः स्वतःतल्या पाण्याच्या वाफेवर शिजतो आणि त्याचे बहुतेक गुणदोष त्यातूनच येतात.

रेथिऑन कंपनीतील अभियंता पर्सी स्पेन्सर याने १९४५ मध्ये रडारसाठीच्या मॅग्नेट्रॉनवर, म्हणजे सूक्ष्मलहरी (मायक्रोवेव्ह) निर्माण करणाऱ्या नळीवर, काम करताना या लहरींनी अन्न तापते हे ओळखले. ओट्यावर मावणारी घरगुती भट्टी अमेरिकेत १९६७ मध्ये बाजारात आली. तिच्यातील लहरींची वारंवारता २,४५० मेगाहर्ट्झ असते. विद्युतक्षेत्राची दिशा सतत उलटसुलट होत राहिल्याने मुख्यतः पिठातील पाण्याचे रेणू हेलकावतात आणि उष्णता पदार्थातच निर्माण होते. बेकिंग पावडरचा वायू व वाफ पीठ फुगवतात आणि तोवर पिठातील स्टार्च शिजून जाळी पक्की होते. मात्र ओलावा आहे तोवर तापमान १०० अंश सेल्सिअसच्या फारसे वर जात नाही. खरपूस तपकिरी रंग व वास देणारी मेयार्ड अभिक्रिया जोमाने व्हायला सुमारे १४० अंश लागत असल्याने हा केक फिकटच राहतो.

म्हणूनच या केकला फळ फार उपयोगी पडते, कारण खरपूसपणाने जी चव आली असती तिची जागा फळाचा वास घेतो. त्यात पिकून सालीवर काळे ठिपके पडलेले केळे सर्वांत भरवशाचे, कारण त्याचा गर गोडवा देतो, पीठ बांधून धरतो आणि ओलावाही टिकवतो. सफरचंदात जवळपास ८५ टक्के पाणी असते, त्यामुळे ते किसून, हलके पिळून घालावे. आंब्याचा रस घातल्यास दूध तितकेच कमी करावे लागते, नाहीतर तळाशी गिच्च थर राहतो. स्ट्रॉबेरीच्या मोठ्या फोडी टाळलेल्या बऱ्या, कारण त्यांच्याभोवती पीठ कच्चे राहते. बेदाणे पिठात बुडलेले असावेत. वर उघडे राहिले तर ते करपून कडक होतात.

साधारण प्रमाण असे : चार मोठे चमचे मैदा, दीड चमचा साखर, पाव लहान चमचा बेकिंग पावडर, अर्धे कुस्करलेले केळे, दोन चमचे दूध व दीड चमचा तेल किंवा पातळ तूप. पीठ भज्यांच्या पिठाइतके सरसरीत असावे आणि गुठळ्या मोडेपर्यंतच ढवळावे. जास्त घोटल्यास केक चिवट होतो. एवढ्याशा पिठात अख्खे अंडे घातले तर केकऐवजी ऑम्लेटसारखा पोत येतो, त्यामुळे बिनअंड्याचाच केक इथे सरस ठरतो. मग सुमारे ३०० मिलिलिटरचा, चिनी मातीचा, सोनेरी कड नसलेला असावा आणि निम्माच भरावा. ८०० वॉटच्या भट्टीत सत्तर ते नव्वद सेकंद पुरतात. केक आधी काठाच्या वर डोके काढतो आणि भट्टी थांबताच थोडा खाली बसतो; हे बिघडल्याचे लक्षण नव्हे. मधोमध नाण्याएवढा ओलसर डाग राहिला असतानाच मग बाहेर काढावा, कारण उरलेले शिजणे मिनिटभर झाकून ठेवल्यावर आतल्या उष्णतेने पुरे होते. तेवढा वेळ थांबणे जिभेसाठीही आवश्यक आहे, कारण फळाचे तुकडे भोवतालच्या केकपेक्षा अधिक पोळतात.

मराठी स्वयंपाकघरात याचे जवळचे नातेवाईक शोधायचे, तर ते बेकरीत नव्हे, कोकणात सापडतात. बरक्या फणसाचा रस आणि तांदळाचा रवा वाफवून केलेले सांदण हे तत्त्वतः याच जातीचे आहे. उलट काकडीचे धोंडस पारंपरिक रीतीने खाली-वर निखारे ठेवून भाजतात, त्यामुळे त्याला जी खमंग कड येते ती मायक्रोवेव्हमध्ये येणे शक्य नाही.

हा केक गरम असतानाच खावा. निवताना त्यातला स्टार्च घट्ट होत जातो, तासाभरात केक वातड लागतो आणि पुन्हा तापवल्यास तेवढ्यापुरता मऊ होऊन नंतर अधिकच कडक होतो.