अफेलियनमुळे थंडी वाजते आणि आजारपण येतं? नाही हो!

दरवर्षी व्हॉट्सअ‍ॅपवर तोच मेसेज फिरतो, अफेलियन (म्हणजे पृथ्वी सूर्यापासून सगळ्यात लांब असते ती स्थिती) सुरू होतंय, सूर्य ९ कोटी किमीवरून १५.२ कोटी किमीवर जाणार, ऑगस्टपर्यंत थंडी पडेल, सर्दी-ताप-खोकला होईल वगैरे. यातला ९ कोटीचा आकडाच साफ चुकीचा आहे. पृथ्वी सूर्यापासून सरासरी १५ कोटी किमीवर असते, जानेवारीच्या सुरुवातीला सगळ्यात जवळ म्हणजे साधारण १४.७ कोटी आणि जुलैच्या सुरुवातीला सगळ्यात लांब, १५.२ कोटी. फरक जेमतेम ३ टक्के, आणि तो दरवर्षीच पडतो, यंदा काही नवीन नाही.

आता बघा, सूर्य जवळ असताना जानेवारीत नाशिक-निफाडला हुडहुडी भरते, आणि तो लांब असताना जुलैत दिल्लीत घामाच्या धारा लागतात, मग अंतराचा संबंध कुठे राहिला? ऋतू होतात ते पृथ्वीचा अक्ष साधारण २३.५ अंश कललाय म्हणून. आपल्याकडे जुलैत गारवा असतो तो पावसाचा आणि ढगांचा, आणि सर्दी-ताप होतो व्हायरसमुळे. घरातल्या मोठ्यांना उगाच घाबरवणारा हा मेसेज प्लीज पुढे पाठवू नका, आणि ताप अंगावर न काढता डॉक्टरांना दाखवा, पावसाळ्यात डेंग्यू-मलेरियाही असू शकतो.