पांढरं जहाज म्हणजे नेव्हीचा दवाखाना नाही हो

आमच्या परभणीत समुद्र कुठंय म्हणा, पण आयएनएस संधायकचा फोटो दर दोन-चार महिन्याला ग्रुपवर फिरतोच, आणि खाली लिहिलेलं असतं की हे नेव्हीचं तरंगतं हॉस्पिटल, म्हणून पांढरं. अन् लोकं फॉरवर्ड करायलेत!

अहो, ते सर्व्हेचं जहाज आहे. कोलकात्याच्या जीआरएसई या सरकारी जहाज कारखान्यानं बांधलं, 110 मीटर लांब, 3 फेब्रुवारी 2024 ला विशाखापट्टणमला नौदलात आलं. काम काय तर समुद्राचा तळ मोजायचा. आपण विहिरीत दगड टाकून आवाजावरून पाण्याचा अंदाज घेतो ना, तसंच काहीसं, फक्त इथं दगड नाही तर आवाजच खाली सोडतात. समुद्राच्या पाण्यात आवाज सेकंदाला साधारण 1500 मीटर जातो, म्हणजे तळाला आपटून 2 सेकंदात परत आला तर खोली 1500 मीटर, जाऊन-येऊन आहे म्हणून निम्मं धरायचं. मल्टिबीम मशीन असे बरेच झोत पंख्यासारखे पसरून सोडतं, जहाज शेतात तास घातल्यासारखं सरळ जातं-येतं, आणि त्यावरून नकाशे बनतात, नाहीतर मालाची जहाजं खडकावर चढायची. हे नकाशे काढणारं मुख्य ऑफिस डेहराडूनला आहे, तिथंबी समुद्र नाही, आपल्यासारखंच!

आता अफवा अगदीच हवेतली नाही. 2004 च्या त्सुनामीत आयएनएस निरुपक या सर्व्हे जहाजाचंच तात्पुरतं हॉस्पिटल करून इंडोनेशियाला पाठवलं होतं. खऱ्या हॉस्पिटल जहाजावर मात्र मोठाले लाल क्रॉस असतात, फोटो झूम करून बघा.